थंडीत घराबाहेरचा व्यायाम टिकवायचा कसा? अनुभव हवेत

टेकडीपायथा | १ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं माझं तेच चाललंय. दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले की बूट झटकायचे आणि पुण्यातली वेताळ टेकडी चढायला लागायचं. पहिले पंधरा-वीस दिवस झकास जातात. मग खरी थंडी पडते. साडेपाचचा गजर होतो, गोधडीतून पाय बाहेर काढला की फरशी चटका बसावा तशी गार लागते आणि "आज राहू दे, उद्या नक्की" सुरू होतं. संक्रांतीच्या आत सगळं बंद.

यंदा मात्र तसं होऊन चालणार नाही. वय ५२. मागच्या महिन्यात रक्त तपासलं, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ निघाली. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभे आहात. सध्या गोळी नको. रोज पाऊण तास चाला, सहा किलो उतरवा, फेब्रुवारीत परत तपासू."

जिमचा सल्ला कृपया देऊ नका. मला उघड्यावरच चालायचंय. या दिवसांत टेकडीवरचं गवत वाळून पिवळंधमक झालेलं असतं, खाणीच्या तळ्याकडून मोर ओरडतो. ते सोडून भिंतीकडे तोंड करून फिरत्या पट्ट्यावर चालणं माझ्याच्यानं होणार नाही.

तर प्रश्न असा, की थंडीत बाहेर पडणं तुम्ही कसं टिकवलंत? किती वाजता जाता, काय घालता, कोणाबरोबर जाता? बारीकसारीक तपशील चालतील, किंबहुना तेच हवेत.

---

अनुस्वार | १ डिसेंबर, रात्री १०:०५

वाचतोय. माझाही हाच प्रश्न. वाचनखूण साठवली.

---

जुना आखाडा | १ डिसेंबर, रात्री १०:३२

गजर साडेपाचचा आहे ना, तो पाचचा करा आणि गोधडीचा विचारच करू नका. आमच्या वेळी तालमीत वस्ताद पहाटे चारला उठवायचे, थंडी असो की पाऊस. आधी जोर, मग बैठका. हौद्यातल्या मातीत उतरेपर्यंत अंगातून वाफा यायच्या. थंडी ही व्यायाम टाळायची नव्हे, कमवायची वेळ आहे. हिवाळ्यात खाल्लेलं अंगी लागतं हे उगाच म्हणत नाहीत.

घरातून निघताना बारा सूर्यनमस्कार घाला. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी अख्ख्या संस्थानात शाळेतल्या पोरांना सूर्यनमस्काराची सवय लावली, ती काय उगाच? बारा झाले की स्वेटरची गरज राहत नाही.

---

श्वासोच्छ्वास | २ डिसेंबर, सकाळी ७:१५

आखाडाकाका, सूर्यनमस्काराबद्दल शंभर टक्के सहमत, पहाटे पाचबद्दल अजिबात नाही. मी फिजिशियन आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात जास्त येतात आणि दिवसभरात सकाळच्या वेळी जास्त येतात. पन्नाशीच्या, साखर वाढलेल्या माणसानं उबदार पांघरुणातून उठून तडक चढ चढायला घेणं म्हणजे या दोन्ही गोष्टी एकत्र आणणं. घरातच दहा मिनिटं अंग मोकळं करा, सपाटीवर दहा मिनिटं चाला, मग चढाला लागा. चढताना छातीत आवळल्यासारखं वाटलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर "जरा बसतो, होईल बरं" म्हणू नका. थांबा आणि मदत मागवा.

दुसरी गोष्ट हवेची. रात्री जमीन गार होते, तिला चिकटलेली हवाही गार आणि जड होते, वर त्यामानानं उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. गाड्यांचा, कचऱ्याचा, शेकोट्यांचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. ऊन पडून जमीन तापली की झाकण उचललं जातं. त्याला सूर्योदयानंतर तास-दोन तास लागतात. म्हणजे ज्याला आपण पहाटेची शुद्ध हवा म्हणतो, ती शहरात हिवाळ्यात बऱ्याचदा दिवसातली सगळ्यात वाईट हवा असते. दमा असलेल्यांनी तर हे ध्यानात ठेवाच. समीर ॲपवर हवेचा निर्देशांक बघून निघा, नाकातोंडावरून सुती रुमाल किंवा मफलर घ्या म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार आणि ओलसर होते, आणि डॉक्टरांनी दिलेला पंप खिशात ठेवा. मफलरनं धूर मात्र गाळला जात नाही.

माझा सल्ला: आठनंतर जा.

---

करवंद | २ डिसेंबर, सकाळी ८:४०

डॉक्टर म्हणतात ते डोळ्यांनी दिसतं. जानेवारीत पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून पेठांकडे बघा. शहरावर राखाडी साय धरलेली असते, त्यातून नुसत्या उंच इमारतींची टोकं वर आलेली. नऊपर्यंत ती साय फाटत जाते.

---

सातचा डबा | २ डिसेंबर, दुपारी १:२०

श्वासोच्छ्वास, तुमचं शास्त्र मान्य. पण "आठनंतर जा" हे कोणाला जमतं, सांगा बरं? मला सात वाजता दोन डबे भरून द्यायचे असतात, साडेआठची बस पकडायची असते. आठनंतर टेकडीवर दिसतात ती निवृत्त मंडळी किंवा घरी स्वयंपाकाला बाई असलेली. मला मिळतो तो वेळ पाच ते सहा. तेव्हा मिट्ट काळोख असतो. जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्योदय उशिरा-उशिराच होत जातो, दिवस मोठा व्हायला लागला तरी सकाळचा अंधार हटत नाही. अंधारात एकटी बाई टेकडीच्या वाटेला जाऊ शकत नाही. कुत्र्यांची भीती वेगळीच.

थंडीत बायकांचा व्यायाम का सुटतो, तर आळसानं नाही, अंधारानं.

आम्ही काय केलं ते सांगते. सोसायटीतल्या आम्ही पाचजणी आहोत. पहाटेचा नाद सोडला. ऑफिसातून येताना दोन थांबे आधी उतरते, चौघी कोपऱ्यावर भेटतात, पावणेसात ते साडेसात उजेड असलेल्या मोठ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीतून चालतो. शनिवार-रविवार मात्र उन्हात टेकडी. दोन हिवाळे झाले, खंड नाही. एखादी आली नाही की बाकीच्या चौघी तिच्या दारात. बेल वाजली की कोण नाही म्हणणार?

---

श्वासोच्छ्वास | २ डिसेंबर, दुपारी २:०५

सातचा डबा, तुम्ही बरोबर बोललात. मी माझ्या वेळेवरून सल्ला दिला. संध्याकाळही चालेल, फक्त रहदारीच्या रस्त्यापासून दूर, तुम्ही करताय तसंच. आणि जेवल्यानंतर पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे धागाकर्त्यांसाठी. एकदम पाऊण तास मिळालाच पाहिजे असं नाही, पंधराचे तीन तुकडे करा.

---

झणझणीत नागपूर | २ डिसेंबर, रात्री ८:५०

पुण्यात थंडी पडते म्हणता? या आमच्याकडं! २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा साडेतीन अंशांवर आला होता. त्या दिवशीबी आमची टोळी फुटाळा तलावावर हजर होती.

आमचं टिकतं कशानं, तर चालणं झाल्यावर तर्री-पोहे असतात. अंबाझरी नाही तर सेमिनरी हिल्स, पाच किलोमीटर, मग हातगाडीपाशी उभं राहून चण्याची लाल तर्री. नाकातून पाणी, कानातून धूर. थंडीची काय बिशाद!

---

अनुस्वार | २ डिसेंबर, रात्री ९:१०

पण मग चालून जाळलेलं सगळं तर्रीत परत आलं की!

---

झणझणीत नागपूर | २ डिसेंबर, रात्री ९:१८

येते ना भाऊ. पण पोह्यासाठी का होईना, नऊ वर्षं झाली, सातही जण येतात. आमच्यातल्या एकाची साखर वाढली तेव्हापासून त्याच्या बशीत चणे जास्त, पोहे दोन चमचे. तर्री सगळ्यांना सारखी.

---

द्राक्षमळा | ३ डिसेंबर, पहाटे ४:५०

निफाड तालुक्यातून लिहितोय. आत्ता बागेतच आहे. राज्यातला सगळ्यात कमी पारा कुठला म्हटलं की पेपरात आमचंच नाव येतं. पारा पाच-सहावर आला की द्राक्षाचा मणी फुगायचा थांबतो, तडकायची भीती असते. मग पहाटे ओळींमधून शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं म्हणजे जमीन जरा ऊब धरते. या आठवड्यात लाईटची पाळी रात्रीची, त्यामुळं कांद्याचं पाणीही रात्रीच भरायचं. बोटं इतकी बधिर होतात की खोऱ्याचा दांडा हातात आहे की नाही कळत नाही.

तेव्हा पहिल्यांदा हा धागा वाचून वाटलं, यांना थंडीत बाहेर पडायला कारण लागतं, आम्हाला आत राहायला सवड नाही.

पण खरं सांगतो, शेतातलं काम म्हणजे व्यायाम हा समज माझाच मला नडला. वाकून वाकून कंबर गेली, चाळिशीत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुमचं शरीर दमतंय, पण एकाच बाजूनं. आता दुपारी अकरा-बाराला, ऊन वर आलं की बांधावर सतरंजी टाकून पाठीचे ताण देतो आणि संध्याकाळी पोराबरोबर सायकलवर गोदावरीच्या कालव्याच्या कडेनं फेरी मारतो. दोन वर्षांत कंबरेचा पट्टा सुटला. गावात आधी लोक बघत राहायचे, आता मागं आणखी तिघं असतात.

---

सातचा डबा | ३ डिसेंबर, सकाळी ९:३५

द्राक्षमळा, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले जरा. पहाटे ४:५० ला बागेतून लिहिताय. कंबर सांभाळा.

---

छायाप्रकाश | ३ डिसेंबर, सकाळी ११:००

अकरा-बाराच्या उन्हाचा विषय निघालाच आहे तर. ड जीवनसत्त्वासाठी कोवळं ऊन घ्या असं सगळे सांगतात, पण ज्या किरणांनी ते कातडीत तयार होतं ते सूर्य खाली असताना वातावरणातच शोषले जातात. सोपी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन त्या कामाचं.

पुण्यात २१-२२ डिसेंबरला सूर्य माध्यान्हीलाही क्षितिजापासून साधारण ४८ अंशच वर येतो. म्हणजे ऐन दुपारीसुद्धा सावली उंचीपेक्षा जेमतेम आखूड. नागपूरला तर सावली जवळपास उंचीइतकीच. सकाळी आठच्या उन्हानं अंग शेकतं, मन प्रसन्न होतं, पण ड जीवनसत्त्वाची फार आशा धरू नका. जमेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत बाहीची गुंडी काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर फिरावं.

---

कालव्यावरची | ३ डिसेंबर, रात्री ८:१५

ओटावाहून. तुमचे ४८ अंश वाचून हेवा वाटला! आमच्याकडे डिसेंबरच्या शेवटी सूर्य भर दुपारी २१ अंशांवर असतो आणि संध्याकाळी चार-वीसला मावळतो. ड जीवनसत्त्व बाटलीतूनच घ्यावं लागतं.

मूळची सांगलीची, इथे आले तेव्हा पहिला हिवाळा खिडकीत बसून काढला. रडायला यायचं, अक्षरशः. दुसऱ्या वर्षी शेजारच्या आजींनी दार वाजवलं. वय ७४. म्हणाल्या, चल, हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात. त्यांनी शिकवलं ते सांगते, कारण यातलं बरंच महाबळेश्वर-निफाडच्या गारठ्यातही लागू पडेल.

अंगाला लागून सुती कापड नको. सुताला घाम लागला की ते ओलं राहतं आणि अंग गार पडतं. आत पातळ लोकर किंवा घाम बाहेर टाकणारं कापड, मध्ये ऊब देणारं, वरून वारा अडवणारं. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, काढता-घालता येतात. घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत घामाघूम. बुटांना रबराचे काटेरी पट्टे. बर्फावर पावलं छोटी टाकायची, बदकासारखी, वजन पुढच्या पायावर. वाऱ्यासकट थंडी उणे २८ च्या खाली जाणवायला लागली की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, त्या दिवशी मात्र मुकाट घरात.

आणि इथला आनंद म्हणजे रिडो कालवा. गोठला की ७.८ किलोमीटरचा बर्फाचा रस्ता होतो, माणसं त्यावरून स्केट करत ऑफिसला जातात. मी ४१ व्या वर्षी शिकले. २०२३ च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाडच झाला नाही, एकही दिवस कालवा उघडला नाही. त्या वर्षी आम्ही दोघी काठाकाठानं चाललो, आजी सारख्या पाण्याकडे बघत होत्या.

---

जुना आखाडा | ३ डिसेंबर, रात्री ९:४४

७४ व्या वर्षी बर्फावर! त्या आजींना माझा नमस्कार सांगा. डॉक्टर, तुमचं धुराचं म्हणणंही पटलं. आमच्या तालमीच्या भोवती तेव्हा झाडी होती, आता चारी बाजूंनी गाड्या आहेत. पहाट तीच राहिलेली नाही, हे मला सुचायला हवं होतं.

---

ओहोटी | ४ डिसेंबर, सकाळी ६:५५

आमच्या रत्नागिरीत थंडी अशी फार नसतेच, पण पहाटे मतलई वारा सुटला की कान गार होतात. आम्ही पुळणीवर चालतो. कोरड्या वाळूत पाय रुततो, घोट्याला त्रास. पाणी नुकतंच ओसरलेल्या ओल्या वाळूवर चालायचं, ती घट्ट असते. त्यासाठी ओहोटी बघावी लागते. जुना हिशेब आहे: तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ. पुनव-अवसेला भरती अकरा-साडेअकराच्या पुढे, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास सुकती (पूर्ण ओहोटी), किनारा मैदानासारखा. अष्टमीला सहालाच भरती, मग त्या दिवशी घाटी चढायची. दर दिवशी वेळ पाऊण तासानं सरकते, त्यामुळे गजरही सरकतो. कंटाळा येतच नाही. अवांतर झालं, पण वेळ ठरलेली नसणं हाही एक उपाय असू शकतो.

मधुमेह असलेल्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. माझ्या वडिलांना शिंपला लागलेला कळलाच नाही, जखम तीन महिने भरली नाही.

---

टेकडीपायथा | ४ डिसेंबर, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, कालपासून सकाळी ८ ला निघतोय, ऑफिस दहाचं आहे म्हणून जमतंय. सातचा डबा, तुमचं वाचून आमच्या घरातही बोलणं झालं. बायको गेली दोन वर्षं का येत नव्हती, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता सकाळचा चहा-पोळी माझ्याकडे, शनिवार-रविवार दोघं टेकडीवर.

पण बाकीच्या पाच दिवसांचं काय? टोळी नाही. थंडी वाढली की परत घसरेन ही धास्ती आहेच.

---

करवंद | ४ डिसेंबर, रात्री ९:२५

टोळी नसेल तर झाड घ्या.

गंमत करत नाही. पाऊस संपला की टेकडीवर पावसाळ्यात लावलेली रोपं पाण्यावाचून जातात, खरी तगमग डिसेंबरपासून जूनपर्यंत. बरीच माणसं घरून कॅन भरून वर नेतात. एखादं रोप निवडा, बुंध्याशी आळं करा, वर वाळलेलं गवत अंथरा म्हणजे ओल टिकते. भोवतीचं गवत मात्र हातभर काढून टाका, वणवा आला तर रोप वाचतं. मी सालईचं घेतलं होतं, गेलं. मग बहाव्याचं घेतलं, आता माझ्या खांद्याला लागतं. गजर बंद करून झोपता येतं, पण काल पाणी घातलं नाही हे डोक्यात राहतं आणि पाय आपोआप खाली उतरतात.

---

श्वासोच्छ्वास | ४ डिसेंबर, रात्री ९:५०

करवंद, सुंदर. फक्त वजन एकाच हातात धरून चढू नका, आणि पहिले आठ दिवस कॅन अर्धाच भरा. स्वतःसाठीही पाणी न्या, थंडीत तहान कळत नाही पण घाम जातोच.

---

अनुस्वार | २० डिसेंबर, सकाळी १०:१०

धागा वर काढतोय. टेकडीपायथा, आहात का? कोणाचं काय चाललंय?

मी सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेनं दोन रविवार जाऊन आलो. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. नागपूरकर, आता तुमचं तर्रीचं म्हणणं कळलं.

---

टेकडीपायथा | १६ जानेवारी, रात्री ८:३०

आहे आहे. उत्तर द्यायला उशीर झाला.

संक्रांत परवा झाली आणि मी अजून चालतोय. चार वर्षांत पहिल्यांदा. ४ डिसेंबरपासून सहा दिवस चुकले. तीन सर्दीचे, दोन गावी गेलो होतो ते, एक नुसता आळसाचा. वजन दोन किलोनं उतरलंय. साखरेचं फेब्रुवारीतच कळेल.

करवंद, मीही बहावाच घेतला. वीतभर होता, चार पानं. ख्रिसमसच्या आठवड्यात गारठा वाढला तेव्हा दोन पानं गळली, मला वाटलं गेलाच. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला, पण आळ्यात अजून गवत टाकून आलो. गेल्या सोमवारी देठापाशी पोपटी टोक दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. बायकोला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, फोटो पाठव. आता शनिवारची वाट न बघता बुधवारीही येते.

शेजारच्या खड्ड्यातलं रोप कोणाचं माहीत नाही, त्यालाही उरलेलं पाणी घालतो. काल तिथे एक गृहस्थ भेटले, त्यांचंच निघालं. उद्या आठला बरोबर चढायचं ठरलंय.

---

झणझणीत नागपूर | १६ जानेवारी, रात्री ८:४१

जमली की टोळी!

---

द्राक्षमळा | १७ जानेवारी, पहाटे ५:१०

बातमी वाचून बरं वाटलं. एक सांगतो, रोपाला पाणी बुंध्याला लागून ओतू नका, वीतभर लांब, गोलाकार सोडा. मुळी पाण्याच्या मागं बाहेर जाते. कॅन किती लिटरचा नेताय?

---

टेकडीपायथा | १७ जानेवारी, सकाळी ७:३५

पाचाचा. निम्म्या वाटेवर हात बदलतो. आळं आजच रुंद करतो, खुरपं घेतलंय बरोबर.